डावीकडची लेन

कॅराव्हॅनची कल्पना नवऱ्याची, पण ती घेतली गेली माझ्यामुळे. प्रवासात बाईला जायला धड जागा नसते आणि त्या भीतीने मी सकाळपासून पाणीच पीत नाही, हे त्याला आमचं अर्धं आयुष्य सरल्यावर कळलं. एकदा नाशिकहून येताना एका ढाब्यामागचा संडास बघून मी तशीच परत आले आणि डोंबिवली येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तोही काही बोलला नाही. पण निवृत्त झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हे. एका वर्कशॉपमधून गाडीच्या मागे जोडायची छोटी खोलीच बनवून घेतली. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि कोपऱ्यात सरकत्या दाराचा संडास, उभं राहिलं की कोपरं भिंतींना लागतील एवढाच. मला सगळ्यात आधी त्याने तो दाखवला.

"आता पाणी पीत जा," म्हणाला.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. तो ड्रॉइंग विभागात, मी स्टोअर्समध्ये. तिथेच ओळख झाली, तिथेच लग्न ठरलं, त्यामुळे ‘अहो’ माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. तो बोलायचा मोजकं आणि गाडी चालवायचा त्याहून मोजून.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत स्कूटर लावायला जागा मिळाली तरी माणूस पेढे वाटतो. तिथे कॅराव्हॅन कुठे ठेवणार? कंपनीतलाच त्याचा एक जुना मित्र ठाण्यातल्या कोपरीला राहतो, खाडीकाठच्या कोळी घरातला. त्याच्या घराच्या मागे होड्या दुरुस्त करायची मोकळी जागा आहे. "वहिनी, गारी हितंच ठेवा, कोन हात नाय लावनार," असं तो मला म्हणाला, आणि कॅराव्हॅन तिथे दोन उलट्या होड्यांच्या शेजारी राहायला गेली. निघायचं म्हणजे आधी डोंबिवलीहून कोपरीला जायचं, ती गाडीला जोडायची, मागचे दिवे लागतात का बघायचे आणि मग हायवेला लागायचं.

पहिल्या फेरीला त्याने मला एखाद्या नव्या ड्राफ्ट्समनला शिकवावं तसं सगळं समजावलं.

"आता आपण एक गाडी नाही, दोन आहोत," तो म्हणाला. "पुढची जिथून जाते तिथून मागची जात नाही. वळताना ती आतून कापते. थांबायला दुप्पट अंतर लागतं. म्हणून आपली जागा डावीकडे. उजवी लेन पुढे जाणाऱ्यांची. आपल्याला पुढे जायचंच नाहीये."

"आणि पुढे ट्रक रखडला असेल तर?"

"तर आपणही रखडायचं. फारच रखडला तर मधल्या लेनने पुढे जायचं, अख्खी कॅराव्हॅन त्याच्या पुढे गेलेली आरशात दिसली की परत डावीकडे."

ठाण्याच्या हद्दीत मात्र तो अगदी डावीकडे राहायचा नाही. तिथे बस थांबतात, रिक्षा आडव्या येतात, उलट्या बाजूने बाइकवाले येतात. तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंत तो डावीकडून दुसरी लेन धरायचा. पुलावरून जायचं की खालून, हे बरंच आधी ठरवायचा आणि एकदा ठरवलं की बदलायचा नाही. "साधी गाडी चुकली तर वळवता येते," म्हणायचा. "आपण चुकलो तर चुकलेल्या रस्त्यानेच पुढे जायचं. घुसायचं नाही." माजिवडा मागे पडला, साकेतचा पूल ओलांडला की तो इंडिकेटर द्यायचा, मनातल्या मनात काहीतरी मोजायचा आणि अलगद डावीकडे सरकायचा. मागून हॉर्न वाजले तरी त्याच्या कपाळावर आठी नसायची.

मलाही त्याने चालवायला लावलं. आधी एका मोकळ्या मैदानात, मग शहापूरच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर. मी गाडी चांगली चालवते, पण मागे ते धूड घेऊन रिव्हर्स घेताना मला रडू यायचं. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की मागचं डावीकडे जातं. "मनाला नको विचारू, आरशाला विचार," असं तो शांतपणे सांगायचा. त्या हिवाळ्यात आम्ही दोनदा गेलो. एकदा शहापूरजवळ एका ओळखीच्या शेतावर आणि एकदा इगतपुरीला. मी पोटभर पाणी प्यायले. कॅराव्हॅनच्या दारात बसून चहा घेताना मला वाटलं होतं की म्हातारपण असं असेल तर येऊ दे.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस त्याचं डोकं फार दुखलं. उलटी झाली. दुपारभर अंधार करून पडून राहिला आणि संध्याकाळी उठून म्हणाला, "पित्त होतं, उतरलं." पुढच्या काही दिवसांत दाराच्या चौकटीला त्याचा खांदा एकदोनदा आपटला. कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आदळलं, तेव्हा दार उघडं ठेवलं म्हणून माझ्यावर चिडला. चिडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मी मनाशी म्हटलं, घरात बसून कंटाळलाय. पाऊस सरला की बाहेर काढू याला.

पाऊस सरल्यावर आम्ही कोपरीहून निघालो. सकाळची वेळ होती, हवा स्वच्छ होती. मित्राने डबा भरून सुकट दिली होती आणि ती कॅराव्हॅनमध्ये ठेवू की गाडीत यावरून आम्ही हसलो होतो. तीन हात नाका गेला, माजिवडा गेला. साकेतच्या पुलावर तो एकदम उजवीकडच्या लेनमध्ये गेला आणि तिथेच राहिला.

मला वाटलं पुढे काही अडथळा असेल. नव्हता. खारेगाव गेलं. उजवीकडे दुभाजक, मागे रांग. एक गाडी हॉर्न वाजवत डावीकडून पुढे गेली, मग दुसरी, मग एक टेम्पो. टेम्पोच्या क्लीनरने हात बाहेर काढून काहीतरी शिवी दिली.

"अरे, उजवीकडे काय चालवतोयस?"

"इथे बरं आहे."

"बरं काय? ही पुढे जाणाऱ्यांची लेन, तूच सांगतोस ना?"

"इथे एका बाजूला दुभाजक असतो," तो म्हणाला. "तिकडून कोणी येत नाही. डावीकडे लोक कसेही येतात हल्ली. एकदम अंगावर येतात. कुठून येतात कळत नाही."

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मी पुन्हा सांगितलं, तो तिथेच राहिला. मग मीही चिडले. म्हटलं, तुझे नियम फक्त माझ्यासाठी होते का? त्यावर त्याने जे केलं ते त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. "तुला चालवायचं नाहीये, मला चालवायचंय. गप्प बस," असं म्हणाला.

मी गप्प बसले. माणकोली गेलं. त्याच्या पुढे डावीकडे रस्त्याच्या कडेला ट्रॅफिक पोलिसांची जीप उभी होती आणि एक हवालदार आमच्याकडे बघून हात करत होता.

"पोलीस थांबवतोय," मी म्हटलं.

"कुठे?"

"हा काय, डावीकडे. समोरच."

त्याने मान वळवली, आणखी वळवली आणि मग कुठे त्याला तो दिसला. तोवर आम्ही जवळजवळ पुढे गेलो होतो. हवालदाराने पुढे होऊन मागची वाहनं अडवली, म्हणून आम्हाला कडेला येता आलं. तो आमच्यापेक्षा थोडा लहान, दमलेला माणूस होता. त्याने कॅराव्हॅनला फेरी मारली, मागची नंबरप्लेट बघितली, कागद बघितले आणि परत दिले.

"काका, कागद व्यवस्थित आहेत. पण मागे एवढं वजन लावून उजव्या लेनला? लोक तुम्हाला डावीकडून ओव्हरटेक करतायत. कोणीतरी मरेल ना."

"डावीकडेच जास्त धोका वाटतो मला," नवरा म्हणाला.

"वाटू दे. कायदा डावीकडे चालायला सांगतो. हळू जायचं तर डावी लेन. काकी, सांगा जरा यांना."

दंड झाला. तो त्याने मुकाट्याने भरला. तिथून निघाल्यावर तो वाहनांच्या लोंढ्यात हळूच मिसळला, पण कडेला न राहता मधल्या लेनमध्ये गेला. रांजणोलीचा पूल गेला, वडपे गेलं. पडघा जवळ येताना त्याने एक लांब श्वास घेतला, इंडिकेटर दिला आणि आरशाकडे मान वळवली. मी त्याला मान वळवताना बघितलं. मग तो डावीकडे सरकला, पूर्वीसारखाच अलगद.

कॅराव्हॅनच्या पत्र्यावरून काहीतरी खरवडत गेलं. पाठोपाठ रस्त्यावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

गाडी थांबेपर्यंत मी आरशात बघत होते. मागे कडेच्या मातीत एक स्कूटर आडवी पडली होती आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एक माणूस बसायचा प्रयत्न करत होता. हेल्मेट डोक्यावरच होतं. मी पळत गेले. त्याने उजवा हात छातीशी धरला होता आणि मनगट नको त्या दिशेला वळलेलं होतं. बघता बघता माणसं जमली. कोणी पाणी आणलं, कोणी व्हिडिओ काढायला लागलं. एकाने माझ्या नवऱ्याची कॉलर धरली.

नवरा त्या माणसाकडे बघत उभा होता. कॉलर धरणाऱ्याला त्याने अडवलंही नाही.

"तो तिथे नव्हता," तो म्हणाला. "मी बघितलं. आरशात बघितलं. तो तिथे नव्हताच."

खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. तो तसा नव्हता. तो घाबरलेलाही नव्हता. एखादी वस्तू आपणच ठेवलेल्या जागी सापडली नाही की माणूस जसा बघतो, तसा तो त्या स्कूटरकडे बघत होता.

जखमी माणूस पन्नाशीचा होता, भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. आम्ही त्याला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. गाडी मी चालवली. किल्ली नवऱ्याने न मागता माझ्या हातात दिली. कॅराव्हॅन वाटेत पडघ्याच्या एका पेट्रोल पंपाच्या मागे सोडली, मालकाने हरकत घेतली नाही. मनगटाचं हाड मोडलं होतं, खांद्याला मार होता. पोलीस आले, जबाब झाले. त्या माणसाची बायको आली आणि आल्या आल्या त्यालाच बोलायला लागली, कितीदा सांगितलं मोठ्या गाडीच्या शेजारून जाऊ नका म्हणून. तोही म्हणाला, "माझंच चुकलं. ट्रेलर दिसला होता मला. मी मागे राहायला हवं होतं." नवरा त्याच्या खाटेजवळ उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी कळव्याहून आमची मुलगी आली. तिनेच स्वयंपाक केला, तिनेच ताटं वाढली. नवरा खाली मान घालून जेवला. वरणभात संपला, भाजी संपली, तसा तो हात धुवायला उठायला लागला.

"बाबा, कोशिंबीर नको होती का?" मुलीने विचारलं. "चटणीपण तशीच आहे."

"कुठे वाढलीस?"

त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला चटणी, लिंबाची फोड आणि दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर जशीच्या तशी होती. तो ताटाकडे बघत होता. मुलगी काही बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. मी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. कोशिंबीर उजवीकडे आली.

"ही काय," तो म्हणाला. आणि मग आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून त्याचा हात थांबला.

त्याने ती कोशिंबीर खाल्ली, सगळी खाल्ली. मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. कपाटाचं दार, चौकटीला आपटलेला खांदा, तो हवालदार, सगळं डावीकडचं होतं.

नौपाड्यात आमचे जुने डोळ्यांचे डॉक्टर आहेत. त्यांनी आधी नेहमीचा तक्ता वाचून घेतला. नवऱ्याने शेवटची ओळसुद्धा वाचली आणि त्याला जरा हुशारी वाटली. मग त्याला एका यंत्रासमोर बसवलं. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारच्या स्टुलावर होते. बटणाचा टकटक आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही, मग परत यायचा. जेव्हा यायचा नाही तेव्हा तो अगदी लक्ष देऊन, श्वास रोखून वाट बघत बसलेला असायचा.

डॉक्टरांनी निकाल छापलेला कागद आमच्यापुढे ठेवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं. दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मेंदूचा जो भाग डाव्या बाजूचं बघतो, तिथे रक्तपुरवठा थांबला असणार. मध्यंतरी डोकं दुखणं, उलटी असं काही झालं होतं?"

"पित्त झालं होतं," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"पण मला काळं दिसत नाही," तो म्हणाला. "अर्धवट दिसतंय असंही वाटत नाही. सगळं पूर्णच दिसतं."

"तसंच वाटतं. मेंदू रिकामी जागा दाखवत नाही. जे दिसतं तेवढंच जग, असं तो धरून चालतो. म्हणून माणसं अचानक अंगावर आल्यासारखी वाटतात."

नवरा त्या कागदाकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने नकाशे वाचले होते, हाही त्याला वाचता येत होता. त्याने एवढंच विचारलं, "गाडी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "गाडी आता नाही."

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी उजवीकडे जात होतो ते म्हणून." मी हो म्हटलं. "मला वाटत होतं, मी विचार करून जातोय," तो म्हणाला.

मोठ्या हॉस्पिटलात तपासणी झाली. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. औषधं सुरू झाली. हे चाललं असतानाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "मला त्या माणसाला भेटायचंय."

मुलगी तेव्हा घरी होती. तिने विचारलं, "कशाला, बाबा? त्याचा खर्च विमा देतोय. तो स्वतःच म्हणतोय त्याची चूक होती. तुम्ही आता डोळ्यांचं सांगितलंत तर केस वाढेल. विमा कंपनी काय म्हणेल, माहीत नाही."

"तो त्याच्या लेनमध्ये सरळ चालला होता," नवरा म्हणाला. "मी त्याच्या अंगावर गेलो. आणि त्याला वाटतंय की त्याचं चुकलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं ना पण."

"आता माहीत आहे."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मलाही भीती वाटत होती. पण त्याने कपडे केले होते, आणि नाही म्हटलं असतं तर तो एकटा निघाला असता, अर्ध्या दिसणाऱ्या रस्त्याने. मी गाडीची किल्ली घेतली.

भिवंडीत एका चाळवजा इमारतीत त्यांचं घर होतं. हात प्लास्टरमध्ये, तो माणूस टीव्ही बघत होता. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. नवऱ्याने फार प्रस्तावना केली नाही. त्या काळ्या वर्तुळांचा कागद त्याने सोबत आणला होता, तो काढून दाखवला आणि सांगितलं की तुम्ही जिथे होतात ती बाजू मला दिसत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण चूक तुमची नव्हती. पोलिसांनाही मी हे सांगणार आहे.

त्या माणसाने डाव्या हाताने टीव्ही बंद केला. कागद हातात घेऊन बघितला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना? रोज मला बोलतेयस." ती पदराने टेबल पुसत राहिली. मला वाटलं, बरं झालं आलो. तेवढ्यात तो नवऱ्याला म्हणाला, "मग तुम्ही गाडीच का चालवत होता?"

"मला कळलं नव्हतं."

"अर्धं दिसत नाही, हे माणसाला कळत नाही?"

नवऱ्याने हात जोडले. त्यानेही प्लास्टरचा हात किंचित उचलला, पण तो नमस्कार होता की आता जा असं सांगणं होतं, मला कळलं नाही. पोलीस ठाण्यातही आम्ही जाऊन सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने जबाबात ते लिहून घेतलं आणि नवऱ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. केस पुढे बरेच महिने चालली. त्या माणसाला भरपाई मिळाली. मनगट मात्र पूर्वीसारखं वळत नाही असं ऐकलं. नवऱ्याने त्याला नंतर दोनतीनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

मधल्या काळात कॅराव्हॅन पडघ्याच्या पंपामागेच होती. पंपाचा मालक भला माणूस, पण त्यालाही जागा हवी होती. नवरा म्हणाला, कोणाला तरी सांगून विकून टाकू. मी म्हटलं, विकायची तरी कोपरीला न्यायला हवी. आणि ती मी नेणार.

मुलगी पुढे माझ्या शेजारी बसली, डाव्या आरशावर नजर ठेवायला. नवरा यायलाच तयार नव्हता. शेवटी आला आणि मागे माझ्या पाठीशी बसला, उजवीकडच्या खिडकीजवळ. जोडणी त्याने केली नाही. मी केली आणि त्याने हात लावून तपासली.

पंपातून बाहेर पडून मी डावी लेन धरली. पुढे एक सिमेंटचा ट्रक होता, बैलगाडीच्या वेगाने चाललेला. मी त्याच्यामागे राहिले. मुलगी म्हणाली, "आई, जा ना पुढे, रिकामं आहे." मी म्हटलं, "नको." वडप्याच्या पुढे डावीकडून येणारे रस्ते मिळायला लागले. प्रत्येक ठिकाणी कोणी न बघता आत शिरत होतं. तेव्हा कळलं की डावी लेन म्हणजे सुरक्षित लेन असं सरळ गणित नाही. मुलीला विचारलं, "मोकळं आहे?" ती म्हणाली, "हो." मी मधल्या लेनमध्ये आले, मिळणारा रस्ता जाऊ दिला. परत डावीकडे येताना पुन्हा विचारलं. तिने पूर्ण वळून बघितलं आणि मगच हो म्हटलं.

रांजणोलीच्या पुलावर चढताना मागून नवऱ्याचा आवाज आला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

"उजवीकडून मोठा कंटेनर येतोय. जोरात आहे. येऊ दे त्याला."

तो कंटेनर आमच्या शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन आधी त्याच्याकडे ओढली गेली, मग उलट दिशेला फेकली गेली. स्टिअरिंग हातात थरथरलं. आरशात ती मागे शेपटीसारखी झुलताना दिसली. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," तो म्हणाला. "पाय उचल फक्त. स्टिअरिंग सरळ धर. भांडू नकोस तिच्याशी."

मी पाय उचलला. ती अजून दोन हेलकावे खाऊन शांत झाली. मुलीने दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं होतं. नंतर माणकोलीला, खारेगावला, साकेतच्या पुलावर तो सांगत गेला, उजवीकडे बस आहे, आता मोकळं आहे, आता एक कार वेगात येतेय. उजवीकडचं त्याला सगळं दिसत होतं. माजिवड्याला पुलावरून जायचं मी आधीच ठरवलं होतं, पण लेन बदलायला कोणी जागा दिली नाही. मी घुसले नाही. खालून गेलो, सिग्नलला अडकलो, उशीर झाला. कोपरीला पोचलो तेव्हा माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. मित्र वाट बघत दारात उभा होता. कॅराव्हॅन होड्यांच्या शेजारी मागे घेताना मला तीनदा पुढेमागे करावं लागलं. नवऱ्याने मदत केली नाही. तो गाडीतून उतरला, चालत खाडीच्या कडेला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

विकायची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही. कुठे जायची गोष्टही नाही. ते वर्ष वाईट गेलं. तो बाजारात जायचा आणि कोणाला तरी धडकून, शिव्या खाऊन परत यायचा. मग जाणं बंद केलं. मान डावीकडे वळवून बघायची सवय लावायला त्याला व्यायाम दिले होते. ते करताना मी खोलीत आलेली त्याला चालायची नाही. कधी कधी जेवताना तो स्वतःच ताट फिरवायचा. कधी विसरायचा, आणि मी सांगू की नको, हा विचार करत माझा घास गार व्हायचा.

यंदाच्या थंडीत मीच म्हटलं, शहापूरला जाऊन येऊ. त्या शेतावर, जिथे पहिल्यांदा गेलो होतो. तो म्हणाला, तुला एकटीला जमेल? मी म्हटलं, एकटीला नाही, तू उजवीकडचं सांग. डाव्या बाजूला मी एक कॅमेरा बसवून घेतला होता. त्याने सुकटीचा डबा मागायला मित्राला फोन केला.

वाटेत पडघ्याच्या अलीकडे, जिथे ते झालं तिथे, तो बोलायचा थांबला. मागून मोठी वाहनं येत होती, ती मी माझ्या आरशात बघितली. टोलनाका ओलांडल्यावर तो परत बोलायला लागला.

शेतावर दुपारी पोचलो. जमीन थोडी उताराची होती. मी चहाचं आधण ठेवलं. तो बाहेर कॅराव्हॅनच्या चाकांना दगड लावत होता, वाकून, एकेक दगड हाताने दाबून बघत. लावून झाल्यावर हात झटकत दारात आला आणि म्हणाला, "झालं."

मी दोन्हीकडच्या खिडक्यांतून खाली बघितलं. उजव्या चाकाला पुढून आणि मागून असे दोन दगड नीट लावलेले होते.

"डावीकडचं राहिलं," मी म्हटलं.

चिडेल असं मला वाटलं.

"राहिलंच," तो म्हणाला, आणि दगड शोधायला कॅराव्हॅनला वळसा घालून पलीकडे गेला. मी चहा गाळला नाही. तो परत येईपर्यंत गॅस बारीक करून ठेवला.